फडक्यातली

तुझी लांबी सातशे बेचाळीस मायक्रॉन.
खसखशीच्या दाण्याहून जरा कमीच,
पण शोधनिबंधात तसं लिहिता येत नाही.
मी लिहिते: मादी, एक. रंग लाल.
मग ‘लाल’ खोडते.
ग्लिसरीनमध्ये दोन आठवड्यांत तू
उकळलेल्या कांद्याच्या पापुद्र्यासारखी झालीस,
आणि आम्ही वर्णन करतो ते उरलेल्याचं.

रोडोपी डोंगरात, मालेवो-डोलच्या वर
एक झरा आहे, लोखंडी नळी बसवलेला.
तीन उन्हाळे तिथे काढले मी.
रबरी बूट, जाळी, पांढरा ट्रे.
ओढ्याकाठच्या खडीत कोपरभर खड्डे,
तळाशी साचलेलं पाणी चहाच्या मगाने उपसायचं,
गाळायचं, आणि ट्रेवर वाकून बसायचं.
गोगलगाई मिळाल्या, चिलटांच्या अळ्या मिळाल्या,
एकदा पितळेची अंगठीसुद्धा.
तू नाही.

सोफियाला, संस्थेत, ल्युबेन म्हणायचा,
“सत्त्याऐंशीच्या त्या बाटलीवरचं लेबलच चुकीचं असणार.
सर प्यायचे, हे शिपायालाही ठाऊक होतं.”
त्या बाटलीत तुझ्यापैकी कुणाचा तरी
एक पाय होता. फक्त चौथा पाय.
त्यावर सहा काटे, जिथे पाच असायला हवेत.
एका जास्तीच्या काट्यापायी
मी तीन उन्हाळे घातले, डावा गुडघा घातला,
आणि नवऱ्याची उरलीसुरली सहनशक्ती.

चौथ्या वर्षी फिक्रिये
नळीच्या तोंडाला फडकं बांधत होती,
डोक्याच्या जुन्या रुमालाचा तुकडा, कडेला निळी फुलं.
“हे कशाला?”
“पाण्यात कधीकधी लाल तीट येते,” ती म्हणाली.
“सासू सांगायची, पोटात गेली तर पोर बडबडी निघते.
म्हणून रोज गाळते. संध्याकाळी फडकं झटकते,
तिथे, पुदिन्यावर.”
रोज.
माझ्या तंबूपासून वीस पावलांवर.

आम्ही दोघी फडक्यावर वाकलो.
भिंगात आधी लोकर आली, मग वाळू, मग तू,
लग्नात जेवून निघालेल्या बाईसारखी चालत,
कसली म्हणून घाई नाही.
फिक्रियेने भिंग घेतलं ते परत देईना.
“डोळे आहेत हिला.”
“चार,” मी म्हटलं.
ती बराच वेळ काही बोलली नाही.
“आणि मी पुदिन्यावर झटकत होते,” म्हणाली.

परवा रात्री तुला उघडलं.
दोन सुया, दिव्याचा पिवळा गोल, बाहेर ट्रामचा शेवटचा खडखडाट.
पोटात एक अंडं होतं.
इथे माझा हात थांबला असं लिहिलं
तर छान दिसेल. नाही थांबला.
अंडं: एकशे ऐंशी मायक्रॉन. लिहिलं.
चहा मात्र तसाच निवून गेला.

फोनवर विचारलं, तुझं नाव देऊ का तिला?
“किड्याला? लोक आधीच कमी हसतात का मला?”
“मग काय देऊ?”
“फडक्यात सापडली ना? फडक्यातली म्हण.”
लॅटिनमध्ये ते बरंच भारदस्त दिसतं.
ल्युबेनने व्याकरण तपासलं,
दोनदा तपासलं, चूक सापडली नाही,
आणि खिडकीपाशी जाऊन उगाच सिगारेट शोधू लागला.

आढळ: या एकाच झऱ्यात.
नर: अद्याप पाहिलेला नाही.
सवयी: अज्ञात.
एवढं टाइप करून पुन्हा फोन लावला,
फडकं अजून बांधतेस का, विचारायला.

“बांधते की. पण आता झटकते खालच्या डबक्यात.
आणि धाकटीची पोर आहे ना,
तीन वर्षांची झाली, अजून तोंड उघडत नाही,
तिला तेवढं मी
न गाळताच देते.”