अनुक्रमांक तेवीस

महिन्याच्या दहा तारखेच्या आसपास यादी येते.
मी ती सिडकोतल्या झेरॉक्सवाल्याकडे छापून घेतो.
मोबाइलवर आकडे वाचणं म्हणजे
हातमोजे घालून मायक्रोमीटर धरणं.

मिड कॅप व्हॅल्यू फंड. बावन्न कंपन्या.
फॉर्म भरताना भूषण धात्रक म्हणाला होता,
काका, बाजार ज्यांना विसरलाय
पण अंगात दम आहे, अशांना हुडकून घेतात हे.
मी लगेच सही केली.
वाटलं, माझ्याबद्दल बोलतोय.

टायर. खत. दक्षिणेतली एक बँक.
एक रंगवाली, एक साखर आणि इथेनॉलवाली,
आणि तेविसाव्या ओळीत
अंजनेरी फोर्जिंग्ज, वाहनांचे सुटे भाग, १.८७ टक्के.

एकोणतीस वर्षं, सातपूर, दुसरी पाळी,
अंतिम तपासणी.
क्रँकशाफ्ट हातात घेतला की
मोजायच्या आधीच कळायचं, हा परत जाणार.
मग कोइमतूरहून एक यंत्र आलं, त्याला चहा लागत नव्हता,
आणि मागोमाग स्वेच्छानिवृत्तीचा कागद.
आयुष्यभर खोट काढली,
त्या कागदातला ‘स्वेच्छा’ तेवढा
रिजेक्ट करायचा राहिला.

तेच पैसे इथे घातले.
म्हणजे ज्या पैशांत त्यांनी मला सोडवलं
त्याच पैशांत मी त्यांना थोडं विकत घेतलंय.
किती थोडं, ते काढलं:
दोन लाख चौदा हजारांवर एक पूर्णांक सत्त्याऐंशी शतांश टक्के,
चार हजार एक रुपये ऐंशी पैसे.
एवढ्यात कारखान्यातलं काय येतं?
कँटीनचा एक बाक? भट्टीतल्या चार विटा?
की दोनशे बारा नंबरचं लॉकर,
ज्याच्या आतला गणपती सोडवताना
पत्र्याचा रंगही निघून आला होता?
मी लॉकर धरून चाललो.

पगारला फोन केला. स्टोअरचा पगार, आडनावच ते.
त्याच्या निरोपाच्या दिवशी सगळे म्हणाले,
आज पगार गेला.
खूप हसलो होतो.
तो म्हणाला, मालक झालास की लेका,
मग गेटवरच्या आहिररावला सांग,
माझी गाडी आत लावू दे.

त्र्यंबक रोडने जाताना मी स्कूटर हळू करायला लागलो.
भर दुपारी गेटवरचा हॅलोजन चालू.
जीव तुटला.
चार हजारांतलेच जळत होते ना ते.

दिवाळीनंतर तिमाहीचा निकाल आला.
कर्मचारी खर्चात लक्षणीय घट, समभाग वधारला.
त्या घटीत मी आहे,
दशांश चिन्हाच्या बऱ्याच पलीकडे, पण आहे.

आणि पुढच्या यादीत
तेविसाव्या ओळीला प्लास्टिकचे पाइप.
खाली बारीक टिपण:
अंजनेरीतून पूर्णतः बाहेर,
समभाग त्याच्या अंगभूत मूल्याला पोहोचल्यामुळे.

म्हणजे लायकीइतकी किंमत आली की विकायचं.
माझ्या वेळी
तेवढं थांबायलाही कुणाला सवड नव्हती.

पगार फोनवर बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला,
विकलं का रे आपल्याला?
हो म्हटलं. नफ्यात.

संध्याकाळी ट्रंकेतलं व्हर्निअर काढलं,
फडक्याने पुसलं, शून्य जुळतंय का पाहिलं,
आणि गच्चीवर गेलो.
आमच्या टाकीचा पाइप त्याच कंपनीचा निघाला.
गेल्या वर्षीचा तुकडा पडला होता कोपऱ्यात,
त्याची जाडी तीन ठिकाणी घेतली.
दोन पूर्णांक आठ. दोन पूर्णांक आठ.
तिसऱ्या ठिकाणी केसभर कमी, पण चालेल.

असू दे यादीत.