साय नंतर

पहिल्या खेपेला सगळं फाटलं.
मार्केट यार्डातून आणलेला लाल भोपळा,
कुकरच्या दोन शिट्ट्या, मिक्सर, लोणी, मिरपूड,
वर पाव लिटर क्रीम, हात आखडला नाही.
आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांत भरून
फ्रीजरमध्ये रचलं आणि रात्रपाळीला गेले.
बुधवारी गरम करायला घेतलं तर
खाली पिवळट पाणी, वर पांढऱ्या कण्या,
कुणी बसून निवडल्यासारख्या.

मामंजींचे दात काढून तेव्हा नऊ दिवस झाले होते.
वरचे सगळे. खालचे चार सोडून.
कवळीला अजून दीड महिना,
तोवर पातळ, मऊ, कोमट,
हे डॉक्टरांनी माझ्याकडे बघून सांगितलं.
मुलगा कुठे असतो, विचारलं नाही.
बरं झालं.

त्यांनी चमचा बुडवला, उचलला, खिडकीच्या उजेडात धरला.
कात्रजच्या डेअरीत छत्तीस वर्षं
ह्या माणसानं चाखल्याशिवाय
दुधाचा टँकर रिकामा झाला नव्हता.
"गारठलं की पाण्याचे खडे होतात."
दातांवाचून प्रत्येक शब्द ओला.
"टोकदार. स्निग्धांशाला टोचतात.
मग तो पाण्यात मिसळत नाही, काही करा.
साय नंतर घालायची. गरम झाल्यावर. शेवटी."
माझं नाव ते घेत नाहीत,
भांड्याला सांगावं तसं सांगतात.

तेव्हापासून
बटाटा नाही, तो गोठून रवाळ होतो.
भाजी शिजवून, वाटून, परातीतल्या पाण्यात पातेलं ठेवून
पार निवेपर्यंत थांबायचं.
डब्यात दोन बोटं जागा सोडायची, बर्फ फुगतो.
झाकणावर वॉर्डातली चिकटपट्टी,
रक्ताच्या नळीवर लिहिते त्याच अक्षरात:
भोपळा. ३ माणसं. १२ जानेवारी.
मश्रूम. ३ माणसं.
गाजर, टोमॅटो. ३ माणसं.
ओजस म्हणाला, बेड नंबर राहिला.

गुरुवारी धनकवडीत वीज नसते.
मामंजी सकाळीच फ्रीजला गोधडी गुंडाळतात
आणि समोर खुर्ची टाकून बसतात.
पाच वाजेपर्यंत दार उघडायचं नाही.
थंड पाणीसुद्धा मागायचं नाही.

तो आला शुक्रवारी, न कळवता, नाशिकहून.
फ्लॅटच्या कागदांवर माझी सही हवी होती.
चप्पल कुठे काढायची ह्यावर जरा अडखळला.
जेवला नव्हता.
मी उठले नाही,
मामंजी उठले.
डबा नळाखाली धरला,
विटेसारखा भोपळा पातेल्यात पडला,
तो आवाज बाहेरच्या खोलीपर्यंत आला.

तिघांचं सूप चार वाट्यांत.
गॅस बारीक, मग बंद. मग क्रीम.
ओजसच्या वाटीत दोन चमचे,
माझ्या वाटीत एक, त्यांच्या स्वतःच्या अर्धा.
चौथ्या वाटीवर चमचा थांबला,
थांबला बऱ्यापैकी,
मग भांड्यात परत गेला.

तो मान खाली घालून खात होता.
फुंकर मारायची सवय तीच.
"छान झालंय," म्हणाला. "काय घातलंय यात?"
"भोपळा," ओजस म्हणाला, वर न बघता.
मामंजींना ठसका लागला. दात नसले की
हसू कुठे अडवायचं, कळत नाही.

कागद मी दोनदा वाचले.
पेन हॉस्पिटलचंच होतं.
सही केली, खाली तारीख घातली,
चिकटपट्टीवर घालते तशी.

तो गेल्यावर डबा विसळला.
पट्टी कोपऱ्यातून सुटली, पण निघेना,
नखानं खरवडली तरी
३ माणसं राहिलंच.
राहू दे म्हटलं.
रविवारी त्यात पालक भरायचाय.