पाच अष्टमांश

सॉमिलचा भोंगा ऑक्टोबरात बंद पडला
तेव्हापासून या खोऱ्याला वेळ कळेनाशी झाली आहे.
आमचा कुत्रा तेवढा अजून साडेतीनला
फाटकापाशी जाऊन बसतो,
आणि ऑरिन त्याच्याकडे बघत राहतो
खिडकीतून.
आतून.

शाळा नऊला भरते,
म्हणजे ताटल्या उचलून झाल्या की.
मी टेबलावरचं मेणकापड पुसते,
ते सुकायच्या आत एनॉक त्यावर बोटाने ई काढतो
सहा आडव्या दांड्यांचा.
तीन त्याला पुरत नाहीत.

फळा नाही. मिलचं कॅलेंडर आहे, उलटं टांगलेलं,
त्याच्या पाठीवर टर्झाने पौलाचे प्रवास रंगवलेत.
जहाज फुटलं तिथे लाल,
आणि बेटावर एवढी मोठी शेकोटी
की समुद्राला जागा उरलेली नाही.
भिजून आलेल्यांना आधी ऊब लागते, म्हणाली,
उपदेश मग.

शुक्रवारी शुद्धलेखन.
"आज माझाही एक शब्द घे," जडसन म्हणाला,
"सेव्हरन्स. बाबांच्या पत्रात आहे."
मी पेन्सिलीला टोक काढत राहिले,
होतं तरी.
ऑरिनच बोलला, शेगडीजवळून, बुटांना तेल लावता लावता:
"तोडून वेगळं केल्यावर हातावर ठेवतात ते.
तीन ई आहेत बघ त्यात."
एनॉक खूश झाला.
पैसे किती, ते कोणी विचारलं नाही.
मला पाठ आहे: मार्चअखेर,
मोटार घरीच ठेवली तर ईस्टर.

अपूर्णांकांनी आम्हाला आठवडाभर रडवलं.
मी वर्तुळं काढली. मक्याचा केक कापला.
जडसनने पुरावा खाऊन टाकला आणि पुन्हा तेच:
आठ चारपेक्षा मोठे, तर अष्टमांश लहान कसा?

तेव्हा नववीत शाळा सोडलेला माणूस उठला,
पट्ट्याला अजून अडकवलेली मोजपट्टी काढली,
पिवळी, पहिल्या फुटातले आकडे झिजून गेलेली.
फळीचा एक तुकडा आणला. "डोळे मीट," म्हणाला,
"वाचू नकोस. अंगठ्याने बघ."
पोराने बघितलं. पाऊण इंच.
दुसरा तुकडा. जरा कमी.
"किती कमी?"
"एक रेघ... नाही, दोन."
"सोळातल्या दोन. मग हे झाले पाच अष्टमांश.
बावीस वर्षं मी एवढंच शिकलो."

मग डाव्या हाताची तर्जनी पुढे धरली:
"आणि हिचा एक तृतीयांश मिलकडे राहिला."
टर्झाने विचारलं, पुनरुत्थानाच्या दिवशी परत मिळेल का.
"मिळेल," तो म्हणाला. थोडं थांबून,
"सोबत कामही मिळालं तर बरं."
आम्ही हसलो. मी जरा जास्तच वेळ हसले
आणि पाणी आणायला उठले.

रात्री प्रार्थनेत एनॉक अडला:
भाकर आजचीच का मागायची?
मिसेस हॉल्वरसनने हरणाचं मांस दिलंय,
ते तर गुरुवारपर्यंत आहे.
माझ्याकडे उत्तर नव्हतं.
मी तर रोज एप्रिलचीच मागते,
ओठ न हलवता, भांडी धुताना,
देवाला तारीखवार हिशेब देत.
मुलं झोपली तेव्हा ऑरिन टेबलाशी होता,
जडसनच्या वहीचं पुढचं पान सोडवत,
त्या हातात पेन्सिल काडीएवढी.
तिसरं गणित चुकलं होतं.
मी दिवा त्याच्याकडे सरकवला. बोलले नाही.

नोकरी लागलेली नाही.
बर्फ अजून खिडकीच्या कठड्याला टेकलेलं आहे.
पण गेल्या सोमवारपासून तो
सव्वातीनला डबा घेऊन मागच्या दाराने निघतो,
रिकामा डबा,
शेडला वळसा घालतो, ओढ्यापर्यंत जातो
आणि साडेतीनला फाटकातून आत येतो.
कुत्र्यासाठी, म्हणतो.
कुत्रा वेडा होतो. मुलं वह्या टाकून पळतात.

शाळा तेव्हा सुटते.