बावीस ओहम

नागपूरच्या कुठल्याशा हॉस्टेलातून जुनं ड्रायर आलं,
टेम्पोत, खताच्या पोत्यांना टेकून.
मागची पट्टी घासलेली.
व्होल्ट वाचता येतात, वॅटच्या जागी गंज.
बेबीनंदाबाई म्हणाल्या, "भोजराज, हे किती खाते
तेवढं सांग. अन् कागदावर लिहून दे."

कागद म्हणजे महावितरणचा, भार वाढवून मागायचा.

झडीचा नववा दिवस.
घरभर दोऱ्या, दोऱ्यांवर आरोग्य केंद्राच्या चादरी,
चुलीवरून, देवाच्या फोटोवरून,
वाकल्याशिवाय आत येता येत नाही.
बाळंतिणीला ओली चादर देता येत नाही
आणि कोसंबीत बाळं झड पाहून थांबत नाहीत.

मी हीटरची दोन टोकं सोडवली, मल्टिमीटर लावला.
बावीस.
दोनशे तीस भागिले बावीस: साडेदहा अँपिअर, केसभर कमी.
त्याला पुन्हा दोनशे तीसनं गुणलं, चोवीसशे वॅट.
मोटर वेगळी, अडीचशे धरली.
जे वाचता येत नाही ते जरा जास्तच धरावं,
आयटीआयचे सर म्हणायचे, कमी धरलेली तार
भिंतीच्या आत जळते.

मग मोहफुलांचा ताणकाटा काढला.
पिळलेल्या चादरी नऊ किलो.
त्याच चादरी उन्हाळ्यात, बाई म्हणाल्या, साडेपाच भरतात.
म्हणजे साडेतीन लिटर पाणी हवेत पाठवायचं,
लिटरला पाऊण युनिट धरा,
एका घाण्याला अडीच-पावणेतीन युनिट, तासाच्या वर वेळ.
ऊन हे काम करत होतं
तेव्हा त्याचे वॅट कुणी मोजले होते?

पण हे सारं दोनशे तीसवर.
कोसंबीत दोनशे तीस येतात पहाटे, कुत्रीही झोपल्यावर.
नाकाड्यांची भातगिरणी सुरू झाली की
खांबावरचा डीपी कण्हतो, घरात एकशे ऐंशी उरतात.
एकशे ऐंशी गुणिले एकशे ऐंशी, भागिले बावीस:
चौदाशे सत्तर.
हीटर कुरकुरत नाही. कमी मिळालं तर कमी ओढतो,
फक्त काम लांबवतो.
मोटर तशी नाही, उपाशी ठेवली की जास्त मागते, तापते, गुरगुरते.
आमच्या घरी दोन्ही प्रकार आहेत.

शेवटी बेरीज.
ड्रायर, त्याची मोटर, हजारची प्रेस:
पंधरा पूर्णांक नऊ अँपिअर,
वर पंखे, बल्ब, टीव्ही.
घराला मंजूर एक किलोवॅट, दाराशी सोळाची एमसीबी.
मी म्हटलं, "बाई, ड्रायर अन् प्रेस एकाच वेळी
चालवाल, तर मुळापासून तार बदला."
त्या चादरीची घडी घालत होत्या,
एक टोक हनुवटीखाली धरून.
"काऊन रे, मले हात किती हायेत?
घडी घालू, का मशीन भरू, का प्रेस फिरवू?"

पुस्तकात याला मागणी गुणांक म्हणतात.
तक्ते असतात त्याचे, घरासाठी वेगळे, दवाखान्यासाठी वेगळे.
दोन हातांच्या बाईसाठी नव्हता.

तरी मी फॉर्मवर चार किलोवॅट लिहिले,
उद्या सून येईल, हातांचे चार होतील.
ड्रायरला वेगळी तार ओढली, चार चौरस मिलिमीटरची,
वीसची एमसीबी, अर्थिंगला अंगणात खड्डा,
कोळसा, मीठ, आणि पाणी टाकायची गरजच पडली नाही.

रात्री दहाला गिरणी थांबली.
बल्ब एकदम उजळला, जशी घरात कुणाची तरी परीक्षा संपली.
बटण दाबलं. ड्रम फिरला, धप् धप्,
आत चादरींमध्ये चुकून आलेलं एक झबलं
दर फेरीला काचेशी येऊन जायचं.
मी तारेला क्लॅम्प लावला,
मग उलट्या हातानं तारेचं अंग पाहिलं,
ताप पाहतात तसं.
कोमट. एवढंच.

"किती?" बाईंनी मोरीतून विचारलं.
"अकरा."
"अग्गोबाई! अकरा वाजले?
मंग तू निघ, भोजराज.
गिरणी सुरू व्हाच्या आत
माले अजून दोन घाणे काढाचे हायेत."