बाण फिरतोय

पंचगंगा त्रेचाळीसच्या वर गेली त्या आठवड्यात
शिरोलीचा रस्ता पाण्याखाली होता
आणि फौंड्रीचे मालक फोनवर म्हणाले,
घरूनच बघा आता, डिस्पॅच थांबता कामा नये.
पाणी उतरलं. रस्ता वाळला.
घरून बघणं तेवढं राहिलं.

तर रात्री भांडी पालथी घातली की
उत्तरेश्वर पेठेत, शिलाई मशीनच्या टेबलावर
मी लॅपटॉप उघडते.
आधी एक पासवर्ड, मग मोबाईलवर सहा आकडे,
तीस सेकंदांत शिळे होणारे.
मग एक छोटं कुलूप, स्वतःशीच फिरणारं वर्तुळ,
आणि माझ्या पडद्याच्या आत
ऑफिसचा पडदा उघडतो:
तोच उद्घाटनाचा फोटो,
मालकांच्या वडिलांच्या पगडीवर
मीच कधीतरी टाकलेलं 'जुनं फायनल' नावाचं फोल्डर.
तिथलं घड्याळ चार मिनिटं पुढे.
नऊ किलोमीटर क्षणात ओलांडूनही
मी उशिराच पोचलेली.

पहिल्या रात्री दस्तगीरभाईंचा फोन आला.
वॉचमन. आवाज दबका,
चोर आत असताना बोलावा तसा.
"ताई, तुमच्या टेबलाजवळ हाय मी.
खुर्ची रिकामी हाय आन् बाण फिरतोय."
मीच आहे, म्हटलं.
"तुमी कुटं?"
घरी.
बराच वेळ नुसता भट्टीचा घरघराट.
"मग हितं कोण हाय?"

मी सर्व्हरचं सांगितलं.
एसीच्या खोलीतलं ते काळं कपाट,
ज्याच्यावर तुम्ही पाण्याची बाटली गार करायला ठेवता,
त्याच्यातून मी आत येते.
"बाटली काढू काय मग?"
काढा, म्हटलं. तेवढंच त्यातलं खरं उपयोगाचं होतं.

त्यानंतर अकराच्या फेरीला
ते माझ्या टेबलासमोर स्टूल घेऊन बसायचे.
इंग्रजी येत नाही, आकडे येतात.
हीट नंबर खाली खाली उतरताना बघायचे,
गल्लीतलं पोर पतंग बघतं तसे.
एकदा मी गाडीचा नंबर टाकला आणि लगेच फोन:
"सत्तेचाळीस न्हवं, चौऱ्याहत्तर.
गाडी फाटकात उभी हाय, आत्ताच बघून आलोय."

एका रात्री कोरं पान उघडून मी लिहिलं,
दस्तगीरभाई, जेवलात का?
बाण थांबवून ठेवला.
खूप वेळानं पानावर एकच अक्षर उमटलं,
बोट उचलायचं विसरल्यासारखं:
हहहहहहहहहहह
हो म्हणायचं होतं की हसले,
मी विचारलं नाही.
ते पान सेव्ह केलं. कुठल्या नावानं, ते नाही सांगत.

मग पुण्याहून सुरक्षेचा माणूस आला, नियम लावून गेला.
बाहेरून कोणी आत असेल तेव्हा
तिथला पडदा काळा राहील, कळफळी मुक्या राहतील.
बरोबरच आहे. भाव दिसतात, पगार दिसतात,
जाणाऱ्या-येणाऱ्याला कशाला?
मीच सही केली त्या कागदावर, आमच्या विभागाकडून.

पण कीबोर्डावरचा कॅप्स लॉकचा हिरवा ठिपका
पुण्याच्या यादीत नव्हता.
मी इथे बटण दाबते, तिथे ठिपका लागतो.
दोनदा लावते, दोनदा विझवते.
म्हणजे, आले.
लगेच एक मिस कॉल येतो. एकच रिंग.
म्हणजे, बघितलं.
कुणाचा पैसा जात नाही, कुठे नोंद राहत नाही.

काल महिनाअखेर होती.
ठिपका दोनदा लावला. फोन गप्प.
परत लावला.
मालकांच्या वडिलांच्या फोटोखाली
तिथे अकरा वाजून दोन मिनिटं झालेली.
इथे अजून दोन मिनिटं कमी होती.
मी बाणावरून हात काढला
आणि इथल्या अकराची वाट बघत बसले.