जैसे थे

कानाकच्या दुकानामागे, हॅलिबटच्या खोक्यांशेजारी
एक राखाडी यंत्र घुमत असतं.
नावारानाने त्याला लोकरीची टोपी घातलीय,
उगीच. यंत्राला थंडीच मानवते.

गावात कुणीही पान उघडलं, की मागणी आधी इथे येते.
यंत्राकडे प्रत असते. मंगळवारची,
समुद्राच्या बर्फाच्या नकाशाची,
पाठीवर मुदत: सहा तास.
तेवढ्यात मागाल तर बिनबोभाट देईल.
सातव्या तासाला देत नाही, आणि फेकतही नाही.
शिळं म्हणजे नासलेलं नव्हे,
शिळं म्हणजे विचारून घ्यावं असं.

मग ते वर उपग्रहाकडे चिठ्ठी धाडतं, बोटभर:
माझ्याकडच्या प्रतीवर ही अशी खूण आहे,
तुमच्याकडे अजून हीच का?
पान मागत नाही. इथे अक्षराला वजन पडतं.
उत्तर येतं तीन आकडी. तीनशे चार.
खाली सगळं कोरं.
म्हणजे जैसे थे;
चालवा आणखी सहा तास.

नावारानाला हे आवडतं,
इतक्या लांबून कुणी काहीच न पाठवता
इतकं सांगावं.

रविवारी ती ऑल्बोर्गला फोन लावते.
"काय नवीन, इनुतेक?"
"काही नाही."
बरं तर.
एकोणीस वर्षांचा, पुढचा दात टवका उडालेला,
कॉफीत साखर तीन चमचे:
ही प्रत मग पुढच्या रविवारपर्यंत चालते.

खुणा दोन जातींच्या, असं नूकला शिकवलं होतं.
कडक खूण स्वल्पविराम हलला तरी बदलते.
सैल खूण म्हणते, साधारण तेच आहे, धकवून न्या.
सैल खुणेवर पुष्कळ काही भागतं.
दुकानातले भाव. वाढदिवसांची यादी.
या रविवारी "काही" आणि "नाही"च्या मध्ये
एक श्वास जास्त होता.
तिने धकवून नेलं.

बुधवारी वादळात दुवा तुटला.
उसाकाक आला, भुवयांवर हिम,
कुत्री बाहेर बांधलेली. "नकाशा दाखव."
पडद्यावर नकार.
"तुझ्याकडे आहे ना?"
"आहे. विचारल्याशिवाय देऊ नये, असं त्यावरच लिहिलंय."
एक कळ होती, दाबली तर जुनं पान निघालं असतं.
तिने हात खिशात घातले.
तो हसला. "शहाणं आहे तुझं यंत्र."

वारा पडल्यावर खिडकीतून तिने पाहिलं:
नोव्हेंबरचा अंधार, कपाळावर दिवा,
तो तूक आपटत निघालेला.
लोखंडी टोकाचा एक ठोका, ऐकणं, पाऊल.
पुन्हा ठोका.
मागच्या पावलाखालच्या बर्फाने दिलेलं उत्तर
तो पुढच्या पावलाला वापरत नव्हता.

दुवा आला तसा तिने फोन लावला. बुधवार असून.
काय नवीन, असं विचारलंच नाही.
"कॉफीत साखर किती घेतोस?"
पलीकडे ट्रक गेला. मग आणखी एक.
"सोडली, अनाना. कॉफीच सोडली.
झोप येत नाही गं, मार्चपासून."

ती हॅलिबटच्या खोक्यावर बसली.
मिनिटांकडे पाहिलं नाही.
पान यायला लागलं होतं,
पहिल्या ओळीपासून, सावकाश.