बासष्ट वेढे

भिलवडी स्टँडच्या मागं, चिंचेखाली
भूपालअण्णाचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान.
जळक्या मोटरीच्या पोटातली काळी वायर
मी छिन्नीनं काढतो, खाचांना कागद घालतो,
आणि लाकडी साच्यावर नवं तांबं गुंडाळत बसतो.
एका कॉइलीला बासष्ट वेढे.
एकसष्ट झाले तर मोटर तापते,
त्रेसष्ट झाले तर खाचेत मावत नाही.

जळक्या वायरीचा हा वास मला जुना आहे.
उसाच्या फडात पाचट पेटवून
रात्री दोनला आम्ही केबल जाळायचो.
रबर गळायचं, तांबं उघडं पडायचं
नुकत्या न्हालेल्या पोरागत लालबुंद.
चौघं उकिडवं बसून बघत राहायचो.
घरी बाप आणि थोरला
तीन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.
इथं निदान कुणीतरी म्हणायचं,
‘सरक लगा, धूर लागंल तुला.’

चोर व्हायचं असं कुणी ठरवलं नव्हतं.
दाद्याची गाडी दारात येऊन थांबली,
मागं तौफिक, त्याच्या मागं जिनपाल,
त्याच्या मागं वीतभर सीट रिकामी.
ती वीत माझी होती.
एकेकटं सोडलं असतं
तर नदीकाठच्या त्या अंधारात
एकही उतरला नसता.
दाद्या आम्हाला दिसावा म्हणून धीट,
आम्ही दाद्याला.

अंकलखोपच्या अंगाला एका रात्री
जिनपालच्या मामाचीच मोटर निघाली.
त्यानं ओळखली. पाना त्याच्याच हातात.
एक शब्द नाही, नट सोडवत गेला.
सकाळी मामाच्या मागं बसून
फिर्याद द्यायलाही गेला.

पुढं व्हायचं ते झालं.
मिरजेचा भंगारवाला पहिला बोलला,
मग तौफिक,
मग वेगवेगळ्या खोल्यांत सगळेच,
एकमेकांची पूर्ण नावं घेऊन.
जिनपालचं खरं नाव एवढं लांब आहे
हे मला त्या दिवशी कळलं.

सुटून आलो तेव्हा गावानं बरंच सांगितलं.
अण्णानं नुसता झाडू दिला.
पहिला महिनाभर मोडीचं तांबं स्वतः तोलायचा,
मग एकदा म्हणाला, ‘तूच तोल, चष्मा सापडंना.’
चष्मा खिशात होता. दिसत होता.

लग्नाच्या बोलणीला सुवर्णाचा भाऊ म्हणाला,
‘पोरगा करतो काय?’
अण्णा म्हणाला, ‘दुकानाची किल्ली ह्याच्याकडं असती.’
नसायची.
दुसऱ्या दिवसापासनं असायला लागली.

आता रात्रीला माणसं आहेत.
पोरीला ताप येतो, सासऱ्याचा फोन येतो,
लाइट दोनला येणार म्हणून कुणी मोटर मागतो,
सुवर्णा विचारते, कुठं पोचलास?
ह्या सगळ्यांना खोटं सांगायला
लई लोकांचं खोटं लक्षात ठेवावं लागेल.
दाद्याचा नंबर मी पुसून टाकलाय.
पाठ आहे.

काल दाद्या आला. गाडी तीच.
मागची सगळी सीट रिकामी.
तौफिक पुण्यात, जिनपाल गेला, विहिरीत, मागच्या वर्षी.
‘बसतो जरा,’ म्हणाला.
बसला. रिळाकडं बघत विचारलं,
‘काय चाललाय किलोला?’
आणि दोघंही हसलो, आधीसारखं, तोंडावर हात ठेवून.

माझी मोजणी चुकली.
चाळीस की एक्केचाळीस, आठवेना.
सगळे वेढे सोडायला लागलो
तर त्यानं न सांगता रीळ धरलं,
तांब्याला पीळ पडू नये म्हणून.

एक, मी म्हणालो. दोन.
त्याचेही ओठ हलत होते.
माझ्याबरोबर मोजत होता
की मनात भाव करत होता,
ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.